नट फिरला नाही तरी बोल्ट ढिला होतो

अमळनेरच्या एका भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा. सात आसनी, मागच्या चाकांवर चालणारी डिझेल गाडी. तीन महिन्यांपूर्वी क्लच प्लेट बदलली, तेव्हा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणारा लांब दांडा) खाली काढला होता. मेकॅनिकने शाफ्ट घासून त्याला झकास काळा रंग मारून दिला. डिफरन्शियलकडचे (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीकडचे) दोन बोल्ट खराब दिसले म्हणून चारही नवे हार्डवेअरमधून आणून टाकले. तेव्हापासून पहिल्या गिअरमध्ये गाडी निघताना मागून 'टक' असा आवाज येतो. दोनदा बोल्ट ढिले निघाले, दोनदा आवळले, दुसऱ्या खेपेला प्रत्येक नटाखाली दोन-दोन स्प्रिंग वायसर टाकले. आता मेकॅनिक म्हणतो, नटांना वेल्डिंगचा टाका मारू, कायमची कटकट मिटेल. मारायचा का?

भाऊ, टाका मारू नका. आणि बोल्ट नीट होईपर्यंत गाडी घरीच उभी राहू द्या, निदान घाटात तरी नेऊ नका. कन्नडचा घाट उतरताना शाफ्ट सुटला तर चाकांचा इंजिनाशी संबंधच तुटतो. मग गिअरने गाडी रोखून धरायची सोय संपली, सगळा भार ब्रेकवर. वर लोंबता शाफ्ट गरगर फिरत ब्रेकचा पाइप नाहीतर डिझेलची लाइन तोडू शकतो. पुढचं टोक निसटलं तर ते रस्त्यात रुततं, ती गोष्ट याहून वाईट.

टाक्याला माझा विरोध दोन-तीन कारणांनी आहे. या जागेचे बोल्ट तापवून, बुडवून, पाणी देऊन मजबूत केलेले असतात. वेल्डिंगच्या आचेने ते पाणी उतरतं, बोल्ट कुठे मऊ तर कुठे ठिसूळ होतो. अर्थिंगचा चिमटा बॉडीला लावला तर करंट क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाचा, कोनात वळू देणारा सांधा) सुईबेअरिंगमधून जातो आणि तिथे बारीक खड्डे पडतात. पुढच्या वेळी शाफ्ट उतरवायचा तर ग्राइंडर आणा. पण खरं कारण वेगळंच आहे. टाका नटाला फिरू देत नाही, एवढंच त्याचं काम. तुमच्या गाडीत, मला वाटतं, निदान सुरुवातीला तरी नट फिरलेलाच नव्हता.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळी गोम आहे. आपल्याला वाटतं की चार बोल्ट खुंटीसारखे आडवे उभे राहून चाकांकडे जोर पोचवतात. तसं नसतं. बोल्ट दोन फ्लँजची (शाफ्टच्या टोकाची आणि डिफरन्शियलची सपाट गोल तबकडी) तोंडं एकमेकांवर दाबून धरतात, आणि त्या दाबलेल्या तोंडांमधलं घर्षण जोर पुढे नेतं. फ्लँजच्या मधोमध जी गोल कडा असते तीही शाफ्ट बरोबर मध्यावर बसावा म्हणून, ओढ सोसण्यासाठी नाही. ढोबळ हिशोब मांडू, तुमच्या गाडीचे नेमके आकडे थोडे इकडेतिकडे असतील. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, 200 न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरमध्ये तो चौपट होऊन शाफ्टवर 800 आला. बोल्ट शाफ्टच्या मध्यापासून 4 सेंटिमीटरवर. म्हणजे फ्लँजची तोंडं एकमेकांवरून घसरवायला बघणारा जोर झाला 20,000 न्यूटन, आपल्या भाषेत दोन टन. आता 10 मिलिमीटर जाडीचा, 10.9 दर्जाचा बोल्ट 70 न्यूटन-मीटरला आवळला की साधारण साडेतीन टनाने दाबतो. चार बोल्टांचे 14 टन. कोरड्या स्वच्छ पोलादाचं घर्षण त्याच्या सुमारे 15 टक्के धरलं तर हाती येतात 2.1 टन. दोन टनाच्या मागणीला 2.1 टन. जमा-खर्च जेमतेम जुळला, म्हणूनच ही जागा अशी नाजूक. यातला एक बोल्ट जरी अर्धवट आवळलेला असला, किंवा तोंडांवर तेलाचा पातळ थर असला, तरी फ्लँज केसभर सरकते. तोच तुमचा 'टक'.

आता रंगाकडे येतो. आवळलेला बोल्ट ही ताणलेली स्प्रिंग असते, पण अतिशय ताठ स्प्रिंग. अडीच सेंटिमीटर लांबीचा भाग साडेतीन टनाने ताणला तर तो लांबतो किती? मिलिमीटरचे सहा शतांश, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीएवढा. एवढ्याशा ताणावर सगळा दाब टिकलेला असतो. आणि ब्रशने मारलेल्या रंगाचा एकच हातही जवळपास तेवढाच जाड असतो. दोन फ्लँजच्या मध्ये रंग, नटाखाली रंग, बोल्टच्या डोक्याखाली रंग. पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये तो रंग डिफरन्शियलच्या गरमीने मऊ होतो, दबतो, कडेने बाहेर येतो. केसाच्या निम्म्याने जरी दबला तरी बोल्टचा निम्मा ताण गेला. नट जागचा हललेला नाही, त्यावर मारलेली खूण सरळच्या सरळ, आणि बोल्ट मात्र ढिला. गंज, वाळलेला चिखल, जुन्या पॅकिंगचे तुकडे, वायसरांची चळत, सगळ्यांचं असंच. जेवढी तोंडं जास्त तेवढी दबायला जागा जास्त. तुमच्या मेकॅनिकने दोन-दोन वायसर टाकून ती जागा वाढवली.

ताण एकदा उतरला की दुसरी गोष्ट सुरू होते. 1969 साली गेरहार्ट युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने एक यंत्र बनवून दाखवून दिलं की बोल्ट उभ्या धक्क्यांपेक्षा आडव्या सरकण्याने लवकर सुटतो. दाबलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की आट्यांमधली पकड क्षणभर सुटते, आणि प्रत्येक झटक्याला नट थोडाथोडा स्वतःच उलटा फिरतो. तशाच चाचणीत स्प्रिंग वायसरचं पितळ उघडं पडलं. तो पूर्ण चपटा व्हायला जो दाब लागतो तो या बोल्टच्या दाबापुढे किरकोळ असतो. म्हणजे आवळून झाल्यावर तो स्प्रिंग राहतच नाही, साधी कडी होते. मी स्वतः वीस वर्षं स्प्रिंग वायसर श्रद्धेने टाकले, उस्तादाने शिकवलं होतं म्हणून. आता या जागी टाकत नाही. गाडीच्या कंपनीने मुळात दिला असेल तर तेवढाच आणि तसाच ठेवतो.

बोल्टांचं बघा. डोक्यावर आकडा कोरलेला आहे का? 10.9 म्हणजे तुटण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला 1000 न्यूटन आणि त्याच्या 90 टक्क्यांवर तो कायमचा ताणला जायला लागतो. 8.8 म्हणजे 800 आणि 80 टक्के. हार्डवेअरमधला बिनआकड्याचा, चकचकीत पांढरा बोल्ट बहुधा 4.6 च्या घरचा, गेट-खिडक्यांसाठीचा. 10 मिलिमीटरचा 4.6 बोल्ट 1.4 टनालाच कायमचा लांबायला लागतो. त्याच्याकडून साडेतीन टन मागणं म्हणजे बैलगाडीला ट्रकचं ओझं. तुमचा मेकॅनिक म्हणाला असेल, "पक्का आवळला होता, भाऊ." खोटं नसेल बोलत तो. त्याच्या हाताला घट्टपणा लागला, पण बोल्ट च्युइंगगमसारखा लांबत होता. 8.8 सुद्धा 70 न्यूटन-मीटरला काठावर येतो. गाडीला जो दर्जा होता तोच हवा, आणि तो पार्ट नंबर सांगून सुट्या भागांच्या दुकानातून घ्यावा. पान्याच्या नंबरावरून बोल्ट ओळखू नका. 10 मिलिमीटरच्या बोल्टला 14, 16 किंवा 17 नंबरचा पाना लागू शकतो. आटेही दोन प्रकारचे येतात, दीड मिलिमीटर आणि सव्वा मिलिमीटर अंतराचे. एकावर दुसऱ्याचा नट दोन फेरे हाताने जातो, मग अडकतो. पुढे पान्याने ढकलला की दोघांचेही आटे गेले.

आता काम. गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला. एक लक्षात ठेवा, शाफ्ट सुटला की गाडी गिअरमध्ये टाकून ठेवण्याला अर्थ उरत नाही. आणि शाफ्ट जोडलेला असतानाही मागचं एकच चाक उचललं तर डिफरन्शियलमुळे ते हवेत फिरतं आणि गाडी सरकते. जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, दोन घोड्या लावा. वर्कशॉपला खड्डा असेल तर उत्तम, कारण शाफ्टच्या कामात गाडी चाकांवर उभी असलेली बरी. क्रॉसचे कोन खरे राहतात.

उघडण्याआधी दोन्ही फ्लँजवर आरपार जाणारी एक पांढरी रेघ मारा. शाफ्ट ज्या बाजूने होता त्याच बाजूने परत बसला पाहिजे, नाहीतर बॅलन्स बिघडतो. मधला स्लिप जॉइंट (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा दातेरी सांधा) ओढून काढायची वेळ आली तर त्यावरही रेघ. तिथे एक दात इकडेतिकडे बसला की दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत राहत नाहीत. क्रॉस वाकलेल्या कोनात फिरताना शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ते उलटं करून फेडतो, पण योक सरळ रेषेत असले तरच. नाहीतर गाडी 60 च्या वेगाला अशी घुमू लागते की माणसं चाकांचं बॅलन्सिंग करत बसतात.

फ्लँज वेगळी झाली की तोंडं नीट बघा. तांबूस, कोकोसारखी बारीक भुकटी दिसली तर तोंडं एकमेकांवर घासत होती हे पक्कं. तेवढी चमकलेली जागा कुठे आहे तेही बघा, तिथला बोल्ट सर्वांत आधी सुटलेला. बोल्टची भोकं बोटाने चाचपा. लंबगोल झाली असतील तर फ्लँज बदलावी लागेल. भोकात बुश ठोकून चालवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि त्याच पुन्हा आलेल्याही. भोकं गोल असतील तर दोन्ही तोंडांवरचा रंग वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने पूर्ण उतरवा, धातू दिसेपर्यंत. नट आणि डोकं जिथे बसतं तिथलाही. ग्राइंडर लावू नका, तोंडाचा सपाटपणा जातो. शेवटी थिनरने पुसा. डिझेलने धुतलेली फ्लँज स्वच्छ दिसते पण तेलकट असते, आणि मघाच्या हिशोबातले 15 टक्के तिथेच निसटतात.

चारही नट आधी हाताने पूर्ण बसवा. मग समोरासमोरच्या जोडीने, आधी 30 न्यूटन-मीटर, नंतर पूर्ण. एका अंगाचे दोन आधी आवळले तर फ्लँज तिरपी बसते आणि उरलेल्या दोघांचा टॉर्क तिला सरळ करण्यातच खर्च होतो. शक्यतो डोकं धरून नट फिरवा. आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातलाच घ्या. तो हाती नसेल तोवर अंदाजासाठी: 10 मिलिमीटर, 10.9 दर्जा, कोरडे आटे, 65 ते 70 न्यूटन-मीटर. 8 मिलिमीटरला सुमारे 35. टॉर्क रेंचवर (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्यावर) दोन पट्ट्या असतात त्या तपासा. 70 चा आकडा फूट-पाउंडाच्या पट्टीवर लावला तर प्रत्यक्षात 95 न्यूटन-मीटर पडतात. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नका. आपण पान्याला जो जोर देतो त्यातला जेमतेम दहावा भाग बोल्ट ताणायला जातो, बाकीचा नटाखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात. तेल लावलं की ते घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला बोल्ट भलताच ताणला जातो.

अडचण अशी की या जागी गोटी (सॉकेट) बसत नाही. योकचा कान आडवा येतो, रिंग पानाच जातो. मग टॉर्क रेंच लावायचा कसा? एक मार्ग म्हणजे टोकाला लावायचा कावळतोंडी जोड. तो रेंचशी काटकोनात ठेवला तर आकडा बदलत नाही, सरळ रेषेत ठेवला तर रेंचची लांबी वाढते आणि जास्त आवळलं जातं. दुसरा मार्ग आपल्याकडे घरोघरी आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरांची गाठोडी तोलायला जो लटकता काटा असतो, तो आणा. नटाच्या मध्यापासून 25 सेंटिमीटरवर पान्याला दोरी बांधा, काट्याचा हुक दोरीत अडकवा आणि पान्याशी काटकोन ठेवून सावकाश ओढा. 28 किलो दिसले की थांबा. 28 किलो गुणिले पाव मीटर म्हणजे 7 किलोग्रॅम-मीटर, म्हणजेच सुमारे 69 न्यूटन-मीटर. हसाल तुम्ही, पण झटका न देता ओढलं तर हा काटा खांद्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी खरा निघतो. माझा खांदा सकाळी 90 ने आवळतो आणि मे महिन्यात दुपारी तीनला 50 ने. भुसावळच्या उन्हात लोखंडाला हात लावून बघा, मग कळेल का ते.

सुटू नये म्हणून काय लावायचं, तर एकच गोष्ट निवडा. कंपनीने नायलॉनच्या कडीचा नट दिला असेल तर तोच, नवा. तो दुसऱ्यांदा वापरायचा नसतो. हाताने सहज शेवटपर्यंत जात असेल तर तो कामातून गेला. साधा नट असेल तर निळं, मध्यम ताकदीचं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव). ते हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श झाला की घट्ट होतं, म्हणून आट्यांवर तेल असेल तर धरत नाही. नट जिथे बसणार तेवढ्याच आट्यांवर दोन थेंब पुरेत. लगेच आवळायचं, पंधरा-वीस मिनिटांत ते धरतं, पूर्ण पक्कं व्हायला एक दिवस द्या. लाल रंगाचं लावू नका, ते सोडवायला जबर आच द्यावी लागते आणि शेजारीच क्रॉसचं रबरी सील असतं. एक मात्र लिहून ठेवा: लॉकटाइट कमी दाबाची भरपाई करत नाही. रंगावर बसवलेल्या फ्लँजला लॉकटाइट म्हणजे फुटक्या माठाला नवं झाकण.

लॉकटाइट पक्कं झाल्यावर 'जरा आवळून बघतो' म्हणून पाना लावायचा नाही. धरलेली पकड तुटते, परत येत नाही. त्याऐवजी नटावरून फ्लँजवर उतरणारी पिवळी रेघ मारून ठेवा आणि ती बघत जा. लॉकटाइट न लावता नायलॉनचे नट लावले असतील तर शंभर-दोनशे किलोमीटरनंतर एकदा त्याच आकड्याला तपासायला हरकत नाही.

बोल्ट बसवतानाच क्रॉस हाताने हलवून बघा. दोन्ही बाजूंचे योक धरून उलटसुलट पिळा. 'कट' असा झोल लागला, किंवा एखाद्या टोपीभोवती गंजाची रेघ दिसली, तर क्रॉस गेला. झिजलेला क्रॉस प्रत्येक वेळी क्लच सोडताना फ्लँजला हातोडा मारतो आणि बोल्ट सोडवतो. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगचं रबर, आणि क्लचच्या कामात सुटलेला गिअरबॉक्सचा मागचा माउंट (आधार), हेही बघा. क्लच काढताना तो सोडावाच लागतो आणि घाईत अर्धा आवळलेला राहतो. इंजिन-गिअरबॉक्स झुलत असेल तर शाफ्टचे कोन सतत बदलत राहतात.

आपल्या भागात अजून एक भानगड आहे. पावसाळ्यात केळीच्या बागेतून, कपाशीच्या शेतातून गाडी काढली की काळी माती शाफ्टला एका बाजूने चिकटते आणि ऑक्टोबरच्या उन्हात दगड होते. चौथ्या गिअरमध्ये इंजिन 2400 फेऱ्यांवर असेल तर शाफ्ट सेकंदाला 40 वेळा फिरतो. तिथे मूठभर माती म्हणजे सेकंदाला 40 हिसके. यावलकडची एक गाडी आली होती. "आवाज येस भो, सगळं बदली टाकं," मालक वैतागलेला. क्रॉस नवे, बेअरिंग नवं. मी पोरगा पाठवून शाफ्ट नुसता धुऊन काढायला सांगितला, आवाज गेला. पण तोवर त्या हिसक्यांनी दोन बोल्ट ढिले केले होते, ते मिळाले तेव्हाच.

ज्यांच्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात त्यांनी यातलं काय घ्यावं, तर बहुतेक छोट्या गाड्यांत शाफ्टचं आतलं टोक गिअरबॉक्समध्ये कडीने अडकलेलं असतं, बोल्ट नसतातच. तिथे चाकाचा मोठा नट महत्त्वाचा आणि तो आवळण्याआधी गाडी चाकांवर ढकलू नये, बेअरिंग बिघडतं. काही जर्मन बनावटीच्या गाड्यांत मात्र आतल्या जॉइंटला सहा बोल्ट असतात, डोक्यात बारा टोकांचं भोक. त्या भोकातला चिखल टाचणीने कोरून काढा, बिट हातोडीने तळापर्यंत बसवा, मगच जोर लावा. नाहीतर टोकं गोल होतात आणि अख्खी दुपार जाते. तिथले बोल्ट सुटण्याचं कारण बहुतेक वेळा जॉइंटमधून तोंडावर आलेलं ग्रीस असतं. दोन-दोन बोल्टांखालच्या पट्ट्या हरवू नका.

तर भाऊ, रंग उतरवा, चारही बोल्ट-नट खऱ्या दर्जाचे आणा, वायसरांची चळत काढून टाका. कापसाचा काटा लावून आवळा. नंतर धुळ्यापर्यंत एक फेरी मारून या आणि पिवळ्या रेघा बघा. रेघा सरळ आहेत, तोंडांच्या कडेला तांबूस भुकटी नाही, आणि तरीही 'टक' येत असेल, तर आवाज बोल्टांचा नाही. मागची दोन्ही चाकं घोड्यांवर उचला, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, आणि डिफरन्शियलची फ्लँज हाताने उलटसुलट फिरवा. चाकं हलायच्या आधी फ्लँज बोटभर फिरत असेल तर पुढचा खर्च डिफरन्शियलचा आहे.